हिवाळ्यानं घडवलेलं शहर

राजधानी आणि नदी : लेख सहावा – बुडापेस्ट

बुडापेस्टला कधी जावं असं विचारलं, तर बहुतेक माहीतगार मे नाहीतर सप्टेंबर सांगतात. माझं उत्तर जानेवारी आहे. जानेवारीत तिथे पारा शून्याच्या आसपास असतो, दुपारी चार-सव्वाचारला सूर्य मावळतो आणि डॅन्यूबवरून येणारा वारा कानटोपीच्या आतही शिरतो. तरी जानेवारीच. या शहराच्या आयुष्यातली मोठी वळणं हिवाळ्यात आली आहेत, आणि ती समजायची तर ती थंडी थोडी अंगावर घ्यायला हवी.

माझ्याबरोबर शाळेपासूनची मैत्रीण होती. ती कोकणातल्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवते. त्यामुळे मी जिथे इमारती बघायची तिथे ती दगड बघायची. या लेखाचा उत्तरार्ध तिच्याशिवाय लिहिताच आला नसता.

नकाशा अगदी सोपा आहे. पश्चिमेला बुडा : टेकड्या, किल्ला, राजवाडा. पूर्वेला पेस्ट : सपाट, व्यापारी, संसदेचं आणि रुंद रस्त्यांचं. मधून डॅन्यूब दक्षिणेकडे जाते. रोमन काळात ही नदी म्हणजे साम्राज्याची सरहद्द होती. अक्विंकुम हे त्यांचं मोठं नगर बुडाच्याच काठावर, आजच्या ओबुडा भागात होतं; पलीकडे पेस्टच्या काठावर एक किल्लेवजा ठाणं, एवढंच. दोन काठ म्हणजे दोन जगं, ही गोष्ट पुढे दीड हजार वर्षं फारशी बदलली नाही. बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही तीन गावं एक झाली ती थेट १८७३ मध्ये.

त्याआधी नदी ओलांडायला पूल होता, पण तो नावांचा : होड्या एकमेकींना बांधून त्यांवर फळ्या टाकलेला. नदीत बर्फाचे तुकडे वाहायला लागले की तो सोडून काठाला घ्यावा लागे. कडाक्याची थंडी पडून पात्र पूर्ण गोठलं, तर लोक बर्फावरून चालत जात, गाड्यासुद्धा नेत. सगळ्यात वाईट ते मधले दिवस. बर्फ चालण्याइतका घट्ट नाही आणि होडी घालण्याइतकं पाणी मोकळं नाही. समोरचा काठ डोळ्यांना दिसतोय आणि तिथे पोहोचायला मार्ग नाही, अशा अवस्थेत माणसं दिवसचे दिवस अडकत.

डिसेंबर १८२० मध्ये असाच एक घोडदळाचा तरुण अधिकारी पेस्टच्या काठावर अडकला. काउंट इश्तवान सेचेन्यी. त्याचे वडील व्हिएन्नात वारल्याची बातमी आली होती आणि त्याला पलीकडे जाऊन व्हिएन्नाची वाट धरायची होती. नदीनं त्याला जवळपास आठवडाभर रोखून धरलं. इथे पक्का पूल व्हायलाच हवा, त्यासाठी स्वतःचं वर्षाचं उत्पन्न द्यायची तयारी आहे, असं तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं. पुढच्या तीस वर्षांत हा माणूस हंगेरीच्या जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे दिसतो. विज्ञान अकादमीसाठी १८२५ मध्ये त्यानं खरोखरच आपल्या जमिनींचं वर्षाचं उत्पन्न देऊ केलं. पुलासाठी १८३२ मध्ये संस्था काढली, इंग्लंडला जाऊन पूल पाहिले आणि विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रज अभियंत्याला गाठलं.

पुलाची खरी गंमत मला त्याच्या टोलमध्ये वाटते. हंगेरीत सरदार-उमराव कर भरत नसत. तो त्यांचा पिढीजात हक्क होता. पुलासाठी १८३६ मध्ये जो कायदा झाला त्यानं ठरवलं, की पुलावरून जाणारा प्रत्येक जण पैसे देईल, उमरावसुद्धा. देशाच्या एका बड्या न्यायाधिकाऱ्यानं या पुलावर कधी पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केल्याचं सांगतात. टोल होता काही नाण्यांचा, पण एका समाजव्यवस्थेचा खिळा त्यानं सैल केला. २० नोव्हेंबर १८४९ ला साखळीपूल खुला झाला. मधला गाळा दोनशे मीटरहून थोडा जास्त. त्या काळी जगातल्या मोठ्या गाळ्यांपैकी एक. ज्यानं ध्यास घेतला तो सेचेन्यी मात्र तोवर मनानं कोसळला होता आणि व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात होता. पुरा झालेला पूल त्यानं ओलांडलाच नाही.

पूल बांधायला सुरुवात होण्याआधी नदीनं आणखी एक हिवाळा दाखवला. मार्च १८३८. बर्फ फुटत होता, पण पेस्टच्या खालच्या अंगाला तो अडकून त्याचा बांध तयार झाला आणि मागचं पाणी शहरात घुसलं. पेस्टमधली बरीच घरं कच्च्या विटांची होती. ती नुसती बुडली नाहीत, विरघळून बसली. निम्म्याहून अधिक घरं गेली, दीडशेवर माणसं दगावली. बॅरन मिक्लोश वेशेलेन्यी यानं होडीतून फिरून कित्येकांना वाचवलं. फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवर होडीतल्या वेशेलेन्यीचं शिल्प आहे. रस्त्यावरची माणसं त्याच्या खालून घाईघाईनं मेट्रोकडे जातात. आपण मात्र थांबून बघावं. फ्रान्झ लिस्टनं या पूरग्रस्तांसाठी व्हिएन्नात मैफली केल्या. नंतर बांधकामाचे नियम कडक झाले, काठ दगडानं बांधून काढले गेले, पात्राला शिस्त लावली गेली. आज पर्यटक ज्या पेस्टचे फोटो काढतात, ते उंच पक्क्या इमारतींचं पेस्ट त्या चिखलावर नव्यानं उभं राहिलं आहे.

तिसरा हिवाळा सांगताना हात जड होतो. डिसेंबर १९४४ च्या अखेरीला सोव्हिएत फौजांनी शहराला वेढा घातला. १३ फेब्रुवारी १९४५ ला तो संपला. मधल्या काळात लोक तळघरांत राहिले, रस्त्यात मरून पडलेल्या घोड्यांचं गोठलेलं मांस कापून खाल्लं. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं पूल उडवले. साखळीपूलही पाण्यात गेला. आणि याच थंडीत 'एरो क्रॉस' या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या टोळ्या ज्यूंना नदीकाठी आणून गोळ्या घालत होत्या. आधी बूट काढायला लावत, कारण तेव्हा बुटांना किंमत होती. संसद भवनापासून काही पावलांवर, काठाच्या कडेवर, लोखंडाचे साठ जोड ठेवलेले आहेत. २००५ पासून ते तिथे आहेत; चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची कल्पना, शिल्पकार द्युला पाऊएर यांचं काम. बायकांचे टाचेचे बूट आहेत, कामगारांचे आहेत, लहान मुलांचेही आहेत. उन्हाळ्यात लोक बोटीतून हे स्मारक बघतात. जानेवारीत, हातमोजे घालूनही बोटं बधिर झालेली असताना, इथे अनवाणी उभं राहणं म्हणजे काय हे शरीरालाच कळतं. या एका कारणासाठीही मी हिवाळा सुचवेन.

साखळीपूल पुन्हा बांधून २० नोव्हेंबर १९४९ ला, पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षं होताना, खुला झाला.

आता गरम पाण्याकडे. वर बर्फ, पोटात ऊन पाणी, अशी ही राजधानी आहे. गेलेर्त टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून मैत्रिणीनं मला ते समजावलं.

"हा कडा बघ. चुनखडी आणि डोलोमाइट. वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. पाऊस आणि वितळलेला बर्फ या खडकांच्या भेगांतून खोल जातो, खाली तापतो आणि नदीकाठच्या भंगावरून परत वर येतो."

"म्हणजे खाली ज्वालामुखी?"

"अगं, हाच प्रश्न माझी मुलं उन्हवऱ्याला नेलं की विचारतात. आपल्या दख्खनच्या लाव्हाला साडेसहा कोटी वर्षं झाली, तो कधीच थंड झाला. तुरळ, राजवाडी, उन्हवरे, वज्रेश्वरी – सगळीकडे पाणी भेगांतून खोल जाऊन जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनंच तापतं. इथेही तसंच. फरक एवढाच, की इथे ती उष्णता वरच सापडते."

तिचं म्हणणं असं. हंगेरी ज्या खोलगट प्रदेशात आहे तिथे भूकवच ताणलं जाऊन पातळ झालं आहे. खंडांखाली ते साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड असतं, इथे पंचवीसच्या आसपास. पातळ बुडाच्या भांड्यातलं पाणी लवकर तापावं तसं हे. जगात इतरत्र जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. इथे चाळीस-पन्नासनं वाढतं. शिवाय बुडाच्या टेकड्यांचा हाच खडक नदी ओलांडताच मातीच्या जाड थराखाली बुडी मारतो. म्हणून बुडाच्या काठावर झरे आपोआप फुटले आणि पेस्टला पाणी काढायला भोकं पाडावी लागली. शंभराहून अधिक झरे आणि विहिरी या एका शहरात आहेत, आणि याच पाण्यानं चुनखडी कोरून बुडाखाली गुहांचं जाळं केलं आहे. लुकाच स्नानगृहाशेजारच्या मोल्नार यानोश गुहेत कोमट पाण्यानं भरलेल्या दालनांतून पाणबुडे अजून नवे फाटे शोधतात.

बुडाकडच्या झऱ्यांवर रोमनांनी स्नानगृहं बांधली होती, पण आज ज्यांत उतरता येतं ती जुनी हमामं तुर्कांची. तुर्की अंमल १५४१ ते १६८६. सोळाव्या शतकात सोकोलू मुस्तफा पाशानं उभारलेलं रुदाश अजून चालू आहे. अष्टकोनी कुंड, भोवती आठ खांब, वर घुमट, आणि घुमटातल्या छोट्या रंगीत काचांतून पाण्यावर पडणारे उजेडाचे ठिपके. विसाव्या शतकात दीर्घकाळ हे फक्त पुरुषांसाठी होतं. बायकांना ते पुन्हा खुलं झालं ते या शतकात. आम्ही दोघी त्या घुमटाखाली गळ्यापर्यंत पाण्यात बसलो होतो, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी हातानंच खुणावलं : मधल्या कुंडात बसा, मग कोपऱ्यातल्या जास्त गरम कुंडात जा, मग थंड पाण्यात एक बुडी, आणि पुन्हा मध्ये. तो क्रम पाळला. सांध्यांत साठलेली चार दिवसांची थंडी निघून गेली.

पेस्टचं पाणी ही विल्मोश झिगमोंडी या खाण अभियंत्याची कमाई. त्यानं व्हारोशलिगेत बागेत १८६८ मध्ये विहीर खणायला घेतली. दहा वर्षं लागली. ९७० मीटर खोलीवरून साधारण ७४ अंशांचं पाणी वर आलं. दहा वर्षं एका भोकावर विश्वास ठेवणं, तेही त्या काळच्या यंत्रांनी, याचं मला अपार कौतुक वाटतं. त्या पाण्याच्या जोरावर १९१३ मध्ये सेचेन्यी स्नानगृह उघडलं. पिवळ्या राजवाड्यासारख्या त्या इमारतीच्या आवारातली उघडी कुंडं १९२७ ची. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातले पाणघोडेही याच पाण्यावर पोसलेले. वेढ्याच्या हिवाळ्यात तिथली बहुतेक जनावरं मेली, कोमट पाण्यातले पाणघोडे तगले.

सेचेन्यीला जायचं तर वर्षाच्या अखेरीस बाजार भरतो त्या व्हेरेश्मार्टी चौकातून छोटी पिवळी मेट्रो घ्यावी. १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी मेट्रो. फलाट रस्त्यापासून काही पायऱ्या खाली. बागेत हिवाळ्यात तळ्याच्या जागी बर्फाचं मैदान करतात आणि १८७० पासून लोक तिथे घसरतात. अंधार पडल्यावर जावं. कपडे बदलायच्या खोलीपासून कुंडापर्यंतचे वीस-तीस पावलांचं उघडं अंतर हाच काय तो कठीण भाग. पायात रबरी चपला आणि खांद्यावर टॉवेल हवाच, कारण ओल्या फरशीवर बर्फ धरतो. एकदा पाण्यात उतरलं की वाफेत समोरचा माणूस दिसत नाही, नुसते आवाज येतात. वाफ हलली की छातीभर पाण्यात बुद्धिबळ मांडून बसलेले आजोबा दिसतात. बाहेर आल्यावर गरम लांगोश खावा : तळलेल्या कणकेवर लसूण, आंबट साय, चीज. लोणी-साखरेची कणीक लाकडी लाटण्याला गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात त्या कुर्तोशकालाचचा वास तर रस्ताभर येत असतो.

या सगळ्याकडे पर्यटकांची चैन म्हणून बघितलं तर निम्मं शहर निसटतं. हंगेरीत डॉक्टर संधिवाताला स्नानांचा कोर्स लिहून देतात आणि त्याच्या खर्चाचा भाग सरकारी आरोग्य विमा उचलतो. लुकाचच्या अंगणात भिंतीवर संगमरवरी पाट्या लावलेल्या आहेत. निरनिराळ्या देशांतून आलेल्या, बरं होऊन गेलेल्या रुग्णांनी आपापल्या भाषेत मानलेले आभार. तुम्हाला एकच स्नानगृह बघायला वेळ असेल तर मी लुकाच सांगेन. तिथे गर्दी शहरातल्या माणसांची असते, सकाळी लवकर, पिशवीत टॉवेल घेऊन ट्रामनं आलेल्यांची.

पुढच्या आठवड्यात डॅन्यूबच्या वरच्या अंगाला, व्हिएन्नाला. पुरांना कंटाळून त्या शहरानं १८७० ते १८७५ मध्ये नदीचं पात्रच हलवलं. ते कसं, आणि त्यानं शहराचं काय झालं, ते तेव्हा पाहू.