घरातलं जाळं, लेखांक ५ : प्रिंटरचा पत्ता

गेल्या आठवड्यात राउटर घरात कुठे ठेवावा ते पाहिलं. त्याच राउटरवर विसंबून असलेलं आणि घरोघरी सगळ्यात जास्त वैताग देणारं यंत्र म्हणजे प्रिंटर. रात्रीपर्यंत नीट छापत असतो आणि सकाळी लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसतो. मुलीचं हॉल तिकीट छापायचं असतं, परीक्षेला निघायची वेळ झालेली असते. प्रिंटरचा दिवा लागलेला, कागद भरलेला, शाईही आहे. मग घाईघाईने लॅपटॉपमधून प्रिंटर काढून टाकायचा आणि पुन्हा जोडायचा. बऱ्याचदा त्याने काम भागतं, पण दुखणं काय होतं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी वीज गेली की ते पुन्हा डोकं वर काढतं.

मुळात वाय-फायवरचा प्रिंटर लॅपटॉपला जोडलेला नसतोच. दोघंही आपापले राउटरला जोडलेले असतात. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.७. हा पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की आधीचा पत्ता एखाद्या मोबाइलला मिळू शकतो आणि प्रिंटरच्या वाट्याला दुसराच येतो. लॅपटॉप मात्र बिऱ्हाड बदललेल्या माणसाच्या जुन्या दारावरच थापा मारत राहतो. आतून उत्तर येत नाही, म्हणून तो ‘ऑफलाइन’ म्हणतो. पावसाळ्यात जिथे वीज दिवसातून चारदा जाते तिथे ही तक्रार जास्त का, ते यावरून लक्षात येईल.

पत्ता बदलला तरी नावावरून प्रिंटर शोधण्याची सोय आहे. ॲपलने ती २००२ मध्ये मॅकमध्ये आणली, पुढे तिला बॉन्जूर हे नाव मिळालं. विंडोजचीही स्वतःची पद्धत आहे, तिला डब्ल्यूएसडी म्हणतात. या पद्धतीत लॅपटॉप अख्ख्या जाळ्याला विचारतो, ‘इथे प्रिंटर कोण?’ आणि प्रिंटर उत्तर देतो. पण काही राउटर ही हाक पुढे नीट पोहोचवत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर तर यंत्रांना एकमेकांशी बोलण्याची बहुधा बंदीच असते. म्हणून माझं ठाम मत असं की, प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा.

त्यासाठी आधी प्रिंटरवरून नेटवर्कचं पान छापून घ्या. कोणतं बटण दाबायचं ते माहितीपुस्तिकेत असतं. छोटा पडदा असेल तर सेटिंगमध्येच सापडतं. त्या पानावर सध्याचा आयपी पत्ता आणि यंत्राचा कायमचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक ॲड्रेस, दोन्ही असतात. मग ब्राउझरमधून राउटरचं सेटिंगचं पान उघडा. तिथे डीएचसीपीच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशा अर्थाचा पर्याय शोधा आणि या ओळखक्रमांकासाठी हा पत्ता राखून ठेवा. विंडोजमध्ये आणखी एक पायरी उरते. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’मध्ये जाऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ नव्याने जोडा आणि तिथे हाच पत्ता भरा. एवढं सगळं व्हायला पाव तास लागतो, पण यानंतर राउटर कितीही वेळा बंद-चालू झाला तरी प्रिंटर त्याच पत्त्यावर भेटतो.

पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर आधी प्रिंटरची यादी बघा. पुन्हा पुन्हा जोडल्यामुळे तिथे एकाच प्रिंटरची दोन नावं झालेली असतात, एकापुढे ‘कॉपी १’ असतं. जुनं नाव बंद पडलेलं असतं आणि लॅपटॉप छापायला त्याच्याकडेच पाठवतो. ते काढून टाका. घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसचं व्हीपीएनही तपासावं. ते चालू असताना अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपना घरातलं जाळं दिसत नाही. छापण्यापुरतं ते बंद करावं. तसंच घरचं वाय-फाय विंडोजने ‘पब्लिक’ समजून घेतलं असेल, तर लॅपटॉप आसपासची यंत्रं शोधत नाही. ते ‘प्रायव्हेट’ करावं, पण फक्त घरचंच.

नवा प्रिंटर पहिल्यांदा जोडताना अडखळायला होतं ते वेगळ्या कारणाने. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं, पाच गिगाहर्ट्झचं नाव त्यांना दिसतच नाही. राउटरवर दोन वेगळी नावं असतील तर प्रिंटरला २.४ चं द्या. लॅपटॉप पाचवर राहिला तरी चालतं, राउटर एकच असल्याने दोघांची गाठ पडते. डब्ल्यूपीएसचं बटण दाबून जोडणार असाल, तर एकीकडे दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत दुसरीकडे दाबावं लागतं. या सोयीतल्या पिन पद्धतीत मोठी त्रुटी असल्याचं २०११ मध्ये उघड झालं. त्यामुळे काम झाल्यावर राउटरमधून डब्ल्यूपीएस बंद करणं शहाणपणाचं.

राहिला ड्रायव्हर. सीडी शोधत बसण्याचे दिवस गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था काढली. कंपनी कोणतीही असो, प्रिंटरशी एकाच ठरलेल्या भाषेत बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला सारणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का ते बघा, मगच पैसे द्या. आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप घेणार असाल, तर घरातला जुना प्रिंटर त्यावर चालतो का हे आधीच विचारा. साध्या विंडोजसाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत.

प्रिंटर आणि लॅपटॉप कायम एकाच टेबलावर असतील आणि घरात छापणारं माणूस एकच असेल, तर यातलं काहीही करू नका. सरळ यूएसबी केबल घ्या. प्रिंटरच्या बाजूला चौकोनी तोंड असलेली, म्हणजे ‘बी’ प्रकारची लागते. खोक्यात ती अनेकदा नसते, म्हणून प्रिंटरसोबतच विकत घ्या. लॅपटॉपला फक्त ‘सी’ पोर्ट असेल तर ‘सी ते बी’ केबल मागा. जुन्या मॉडेलच्या बाबतीत कंपनीचं सॉफ्टवेअर आधी टाका आणि पडद्यावर सूचना आल्यावरच केबल लावा. आधीच लावली तर विंडोज स्वतःच्या अंदाजाने भलताच ड्रायव्हर लावून मोकळं होतं, आणि मग तो काढण्यात संध्याकाळ जाते.