सुपे : जिथे कर्जरोख्यांची होळी झाली

चौफुल्याहून मोरगावच्या मयूरेश्वराला जाणारे भाविक सुप्यातून जातात, पण थांबणारे थोडे. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातलं हे जुनं बाजारपेठेचं गाव. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, इंदापूर यांच्याबरोबर सुपे परगणाही होता. तेवढ्यासाठीसुद्धा इथे थांबावं, पण मला सुपे महत्त्वाचं वाटतं ते 12 मे 1875 या दिवसासाठी.

त्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. वह्या, खाती, रोखे बाहेर काढायला लावले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली. सावकाराच्या जिवावर मात्र सहसा कुणी उठलं नाही. लोकांना हवा होता तो कागद. 1859च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं ठरली होती, म्हणून दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवा रोखा होई आणि न वाचता आलेल्या मजकुराखाली कुणब्याचा अंगठा उमटे.

या रागाचं दुसरं मूळ शेजारच्या इंदापुरात आहे. 1836मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी सारा आकारणी तिथेच पहिल्यांदा लागू झाली, तीही तीस वर्षांसाठी. मुदत संपताच सारा दीडपटीच्या घरात गेला. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865मध्ये संपल्यावर कापसाचे चढे भाव उतरू लागले होते. सारा भरायला सावकाराचंच दार उरलं.

सुप्याचं लोण नगर जिल्ह्यापर्यंत, तीसहून अधिक गावांत पोचलं. सरकारने लष्कर आणलं, 951 जणांना पकडलं. 1857ची धास्ती ताजी होती, म्हणून चौकशी आयोगही नेमला. त्याचा अहवाल 1878मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात दोषी ठरला मुख्यतः सावकार. साऱ्याची वाढ हे कारण आयोगाने मानलं नाही. ज्या सरकारचा सारा वादात होता, त्याच सरकारच्या माणसांनी हा निवाडा दिला आणि पुढच्या पिढ्यांनी ही घटना बहुतांशी त्याच कागदांतून वाचली. शेतकऱ्याच्या बाजूने सरकारलाही जाब विचारला तो जोतीराव फुल्यांनी, 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये.

1879मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, तो सुप्यातल्या त्या जाळपोळीनंतर चार वर्षांनी.