वाजून न वाजलेला स्वर

गाणें चालू असतां मध्येंच एखादा स्वर गळाला, तर ऐकणाऱ्याचा पहिला संशय वाजविणाऱ्याच्या बोटांवर जातो. वाजविणारा संगणक असेल तर संशय कोणावर घ्यावयाचा, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा राहतो. एके काळीं ध्वनिमुद्रणगृहांतच दिसणारा सीक्वेन्सर आतां संगीताच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसला आहे. सीक्वेन्सर म्हणजे स्वरांची क्रमवारी सांभाळणारें आणि पाहिजे तेव्हां ती वाद्याकडून वाजवून घेणारें सॉफ्टवेअर. त्याच्या हातून होणाऱ्या चुका चमत्कारिक वाटतात. पण त्या लहरी नसतात. अशा एका चुकीचा माग कसा काढतात हें कळलें, म्हणजे या यंत्राचा स्वभावही बराचसा उमजतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामोफोनच्या तबकडींत गायकाचा आवाजच कोरलेला असतो. आजचे बरेच सीक्वेन्सर ध्वनिमुद्रणही करतात खरे, परंतु त्यांचें मूळ काम आज्ञा सांठविण्याचें आहे. ‘अमुक पट्टी दाबा’, ‘अमुक पट्टी सोडा’, अशा त्या आज्ञा असतात. त्या ज्या भाषेंत दिल्या जातात तिला मिडी म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एकमेकांशीं जोडतां यावीं म्हणून ती ठरविण्यांत आली. आणि १९८३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील अ‍ॅनाहाइम येथें भरलेल्या प्रदर्शनांत सीक्वेन्शल कंपनीचें प्रॉफेट-६०० व रोलंड कंपनीचें ज्युपिटर-६ हीं दोन वाद्यें जोडून तिचा प्रयोग दाखविला गेला. या भाषेंत प्रत्येक पट्टीस एक क्रमांक आहे. पियानोच्या मध्यावरील ‘सी’ या स्वराचा क्रमांक ६०. ‘दाबा’ या आज्ञेंत पट्टीचा क्रमांक व आघाताचा जोर सांगितलेला असतो. स्वर किती वेळ टिकावा, हें मात्र तींत नसतें. ‘सोडा’ ही आज्ञा पुढें स्वतंत्रपणें येते, आणि या दोन आज्ञांमधील अंतर हीच स्वराची लांबी.

हें अंतर मोजण्यासाठीं सीक्वेन्सर प्रत्येक मात्रेचे अनेक समान भाग पाडतो. अशा एका भागाला टिक म्हणतात. मात्रेचे ४८० टिक पाडले आणि लय मिनिटाला १२० मात्रांची ठेवली, तर एक टिक सेकंदाच्या सुमारें एक हजारांश भागाएवढा होतो. इतका सूक्ष्म हिशेब असतांना चूक कशी व्हावी, असें कोणासही वाटेल. पण प्रस्तुत चूक एकाच टिकच्या पोटांत दडलेली असते.

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, एका विद्यार्थ्यानें ऑर्गनच्या आवाजांत एकच स्वर लागोपाठ चार मात्रा, चार वेळां वाजविला. सीक्वेन्सरनें तो टिपून घेतला व जसाच्या तसा वाजवूनही दाखविला. नंतर लयींतील किरकोळ उणेंअधिक काढून टाकण्यासाठीं विद्यार्थ्यानें क्वान्टाइझ नांवाची सोय वापरली. तिच्या योगानें प्रत्येक स्वराचा आरंभ व शेवट मात्रेच्या नेमक्या रेषेवर ओढून बसवितां येतो. आतां पडद्यावर चार पट्ट्या विटांसारख्या एकीला एक लागून उभ्या आहेत. परंतु कानाला पहिला स्वर पूर्ण ऐकूं येतो, आणि पुढील तीन केवळ एकेका टिचकीसारखे वाजून नाहींसे होतात.

येथें पहिला मोह होतो तो वाद्याला दोष देण्याचा, आणि त्याला पुरावाही मिळतो. ऑर्गनऐवजीं ढोलाचा आवाज निवडला तर दोष ऐकूं येत नाहीं; कारण असे आघाताचे आवाज एकदां सुरू झाले कीं सहसा ‘सोडा’ या आज्ञेची वाट न पाहतां आपोआप विरून जातात. पियानोचा आवाज घेऊन पेडल दाबलेलें ठेवलें तरी दोष झांकला जातो, कारण पेडल असेपर्यंत सुटलेल्या पट्टीचाही नाद चालू राहतो. शिवाय वाजत असलेली पट्टीच पुन्हां दाबावयास सांगितली असतां सर्व वाद्यें सारखीं वागत नाहींत. अशा वेळीं दहा गोष्टी एकदम बदलून पाहणारा मनुष्य कांहीं वेळानें दोष गेला म्हणून आनंदतो, पण तो कशानें गेला हें त्याला सांगतां येत नाहीं.

जाणता मनुष्य याच्या उलट वागतो. तो मूळ गाणें बाजूला ठेवून कोरी फाइल उघडतो आणि तींत दोनच स्वर लिहितो. तेवढ्यानेंही दोष दिसला, तर गाण्यांतील बाकीचीं वाद्यें संशयांतून मुक्त होतात. मग तो एका वेळीं एकच गोष्ट बदलतो. दुसरा स्वर निराळ्या पट्टीचा केला तर दोष जातो. पहिला स्वर एक टिक आंखूड केला तरीही दोष जातो. यावरून दोन अटी निश्चित होतात: पट्टी तीच असली पाहिजे, आणि पहिल्याचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ एकाच टिकवर आला पाहिजे. हातानें वाजवितांना असा योग क्वचित् येतो. क्वान्टाइझ केल्यावर तो पावलोपावलीं येतो. शेवटीं तो वाद्याकडे जाणाऱ्या आज्ञांची यादी उघडतो. तेथें ४८० व्या टिकवर स्पष्ट लिहिलेलें असतें: प्रथम ‘६० दाबा’, आणि लगेच ‘६० सोडा’.

हार्मोनियम वाजविणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. पेटीवर तीच पट्टी पुन्हां वाजवावयाची तर बोट आधीं उचलावें लागतें. सीक्वेन्सरला बोट नाहीं. त्यानें दाबलेलीच पट्टी पुन्हां दाबली, आणि मग पहिल्या स्वराची ‘सोडा’ ही आज्ञा पाठविली. ती कोणत्या दाबण्याची आहे हें आज्ञेवर लिहिलेलें नसतें. वाद्यानें नुकताच सुरू झालेला स्वर प्रामाणिकपणें बंद केला. प्रत्येक टिकवर आधीं नवे स्वर सुरू करावयाचे आणि मग जुने बंद करावयाचे, असा क्रम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें ठेवला होता. उपाय एवढाच कीं, हा क्रम उलटा करावा: आधीं सोडणें, नंतर दाबणें.

मात्र उपायांतूनही अपाय निघतो. क्वान्टाइझच्या ओढाताणींत एखाद्या आंखूड स्वराचा आरंभ व शेवट एकाच रेषेवर येऊन त्याची लांबी शून्य झाली, तर नव्या क्रमानें त्याची ‘सोडा’ ही आज्ञा आधीं जाईल आणि ‘दाबा’ मागून. मग तो स्वर थांबवावयास कोणीच उरणार नाहीं आणि तो अखंड वाजत राहील. म्हणून प्रत्येक स्वराला निदान एक टिक लांबी दिलीच पाहिजे, हा दुसरा नियम पहिल्याच्या जोडीला लागतो. अशा अडकलेल्या स्वरांसाठीं सर्व पट्ट्या सोडण्याची एक सामान्य आज्ञा मिडींत आहे. तिचा क्रमांक १२३. तिनें कोलाहल थांबतो, पण कारण जागच्या जागीं राहतें, आणि पुढच्या खेपेस तोच स्वर पुन्हां अडकतो.

पुष्कळ संगीतकार या खटाटोपांत न पडतां प्रत्येक स्वर थोडा आंखूड करून वेळ मारून नेतात. घाईच्या प्रसंगीं त्यांना नांव ठेवतां येणार नाहीं. परंतु त्यामुळें यंत्राच्या चुकीसाठीं रचना बदलली जाते, आणि पुन्हां क्वान्टाइझ करतांच दोष परत येतो. हा क्रम त्या एका संगणकापुरताही राहत नाहीं. १९८८ पासून प्रचारांत असलेल्या मिडी फाइलींत एकाच टिकवरील आज्ञा ज्या क्रमानें लिहिल्या जातात त्याच क्रमानें राहतात. त्यामुळें उलटा क्रम फाइलीबरोबर दुसऱ्याच्या घरीं जातो आणि तेथील निर्दोष प्रोग्रॅमवर आळ येतो. सर्वांत मोठें नुकसान होतें तें नवशिक्याचें. कानाला तुटक ऐकूं आलें कीं आपलाच हात कच्चा, असें तो धरून चालतो आणि बरोबर वाजविलेलें पुन्हां पुन्हां वाजवीत बसतो. त्यानें दोन स्वरांची कोरी फाइल उघडून आज्ञांची यादी एकदां वाचली, तर दोष कोणाचा हें त्याला घटकाभरांत कळेल, आणि उरलेला वेळ त्याच्या रियाजाला मिळेल.