यंत्राची हांक आणि ड्रायव्हरचा शिष्टाचार

कळ दाबतांच पडद्यावर अक्षर उमटतें, ही गोष्ट आतां घरोघरीं इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिच्यामागें कांहीं व्यवस्था असेल असा विचारहि कोणाच्या मनांत येत नाहीं. संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला अब्जावधि पावलें टाकणारा. त्याच्या मानानें कळफलक, मोडेम, छपाईयंत्र हीं सारीं उपकरणें गोगलगाईच्या चालीचीं. शिवाय तीं केव्हां बोलूं लागतील याचा नेम नाहीं. अशा मंद आणि लहरी मंडळींशीं इतक्या चपळ यंत्राचा संसार जमतो तरी कसा?

एक मार्ग असा कीं, प्रोसेसरनें क्षणोक्षणीं प्रत्येक उपकरणाकडे जाऊन "कांहीं आहे काय?" म्हणून विचारावें. पण हें म्हणजे टपालाची वाट पाहत दिवसभर उंबऱ्यावर बसून राहण्यासारखें झालें. दुसरा मार्ग असा कीं, आपलें काम चालू ठेवावें व टपालवाल्यानें कडी वाजविली म्हणजे उठावें. उपकरणाच्या या कडी वाजविण्यासच 'इंटरप्ट' म्हणतात; मराठींत त्यास 'व्यत्यय' म्हणतां येईल. कडी वाजली म्हणजे प्रोसेसर हातांतली आज्ञा पुरी करतो, पुढें कोठून आरंभ करावयाचा याची खूण ठेवतो, आणि एका कोष्टकांत पाहून त्या व्यत्ययासाठीं नेमलेल्या आज्ञावलीकडे वळतो. ती संपली कीं तो खुणेच्या जागीं परत येतो. उपकरणाशीं होणारा सर्व व्यवहार सांभाळणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात. व्यत्ययाला ओ देणारा भाग हा तिचाच एक अवयव होय.

या अवयवानें किती तत्पर असावें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९८१ सालीं निघालेल्या आय. बी. एम. पर्सनल कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टांत ८२५० नांवाची चिप असे. बाहेरून आलेलें एकच अक्षर ठेवण्यापुरती जागा तिच्यांत होती. पुढें अशा पोर्टांचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिटांपर्यंत गेला. एका अक्षराला आरंभ-शेवटाच्या खुणा धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरें, अर्थात् दर अक्षरामागें सुमारें ८७ मायक्रोसेकंद. तेवढ्यांत ड्रायव्हरनें अक्षर उचललें नाहीं, तर पुढचें अक्षर त्याच्यावर येऊन पडतें व पहिलें कायमचें नाहीसें होतें. घोटाळा झाल्याची नोंद चिप करते. पण गेलेलें अक्षर तिला परत देतां येत नाहीं. म्हणून १६५५० या मागाहूनच्या चिपेंत १६ अक्षरांची रांग ठेवण्याची सोय झाली. १४ अक्षरें जमल्यावर कडी वाजवावी असें तिला सांगतां येतें. मग सेकंदाला ११,५२० व्यत्ययांचें काम सुमारें ८२३ व्यत्ययांत भागतें, आणि शिवाय दोन अक्षरांचा अवकाश हातीं राहतो.

व्यत्ययाला ओ देण्याचे कांहीं शिष्टाचार आहेत. पहिला असा कीं, कडी आपल्याच उपकरणानें वाजविली काय, हें प्रथम पाहावें. कारण पुष्कळदां एकाच तारेवर अनेक उपकरणें असतात. लिनक्स या कार्यप्रणालींत प्रत्येक ड्रायव्हरला "माझें होतें" किंवा "माझें नव्हतें" असें उत्तर द्यावें लागतें. एका तारेवरच्या १,००,००० व्यत्ययांपैकीं ९९,९०० हून अधिकांना कोणीच धनी निघाला नाहीं, तर लिनक्स ती तारच बंद करतें. दुसरा शिष्टाचार असा कीं, व्यत्ययाचें कारण उपकरणापाशींच मिटवावें. नाहींतर परत वळतांच कडी पुनः वाजूं लागते. तिसरा असा कीं, येथें विसावूं नये. हा वेळ दुसऱ्याच कोणाच्या कामांतून उसना घेतलेला असतो. त्यांत वाट पाहत बसलें तर सारा कारभार अडेल. यासाठीं कामाचे दोन भाग करतात. तातडीचें तेवढें तेथेंच उरकावें. अक्षरांचा अर्थ लावणें, तीं योग्य आज्ञावलीकडे पोंचविणें हें सावकाशीचें काम मागाहून करावें. कचेरींतला जाणता कारकून रजिस्टर पत्र येतांच सही करून तें पेटींत ठेवतो आणि हातांतली बेरीज पुरी करतो. पत्राचें उत्तर दुपारीं लिहितो. तसाच हा प्रकार.

परंतु सर्वांत नाजूक अडचण निराळीच आहे. समजा, पेटींत ७ अक्षरें आहेत. मुख्य आज्ञावली त्यांतलें एक काढावयास आली. तिनें ७ हा आंकडा वाचला, मनांत ६ केले. तो लिहिणार इतक्यांत व्यत्यय आला. ड्रायव्हरनें नवें अक्षर ठेवून ७ चे ८ केले. मुख्य आज्ञावली परत आली व तिनें आपले ६ लिहून टाकले. खरा आंकडा ७ हवा होता. एक अक्षर पेटींत असूनहि हिशेबांतून गेलें! ही चूक हजार वेळां घडत नाहीं. एकदांच घडते, आणि शोधूं जातां पुनः दिसत नाहीं. एड्सगर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञानें एक्स-१ या संगणकाच्या व्यत्ययांची व्यवस्था रचली, व त्याच विषयावर १९५९ सालीं ॲम्स्टरडॅम येथें डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पुनः दाखवितां न येणाऱ्या अशा चुकांच्या भयानें ही सोय स्वीकारण्यास तो आरंभीं कांहीं काळ कचरला होता.

त्यावर उपाय असा कीं, आंकडा वाचून बदलून लिहीपर्यंतचा क्षणभर व्यत्ययांना दार बंद ठेवावें. आजच्या संगणकांत अनेक गाभे एकाच वेळीं चालतात. एका गाभ्यानें आपलें दार लाविलें तरी दुसऱ्यावर तोच ड्रायव्हर चालूं शकतो. म्हणून तेथें सामायिक कुलूपहि लागतें. मात्र दार फार वेळ बंद राहिलें, तर वर सांगितलेले ८७ मायक्रोसेकंद उलटून जातात व अक्षरें गळतात. फार उघडें ठेवलें तर हिशेब चुकतो, फार मिटलें तर माल हरवतो. या दोहोंमधली अरुंद वाट चोखाळणें हेंच ड्रायव्हर लिहिणाराचें खरें काम होय. तें नीट साधलें असतां कोणाला त्याची जाणीवहि होत नाहीं; कळ दाबावी आणि अक्षर उमटावें, एवढेंच लोकांस दिसतें.