जुन्या मोटरसायकलचं मीटर खोलताय? आधी हे ऐका

आजचा विषय जुन्या गाडीचा स्पीडोमीटर.

काटा थरथरायला लागला की लोक थेट मीटर खोलायला बसतात. जरा थांबा. आधी केबल बघा. ती सुकली असेल किंवा कुठे जास्त वळली असेल, तरी काटा असाच नाचतो. केबल रॉकेलने धुवा, ग्रीस लावा. पण मीटरकडचं टोक कोरडंच ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९५०च्या आसपासच्या काही ब्रिटिश मीटरांवर अंधारात चमकणारा रंग असायचा. आपण नंबरप्लेटच्या स्टिकरला 'रेडियम' म्हणतो, त्यात रेडियम नसतं. या रंगात मात्र खरंखुरं असायचं! चमक गेली तरी रेडियम जात नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. त्याची धूळ श्वासातून आत जाणं धोक्याचं. अशी शंका आली तर मीटर उघडू नका, खरवडू तर मुळीच नका.

आता नेहमीचं चुंबकी मीटर. केबल आत एक चुंबक फिरवते. त्याला न चिकटता ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो, तो आपला वेग. म्हणजे सगळा हिशोब त्या स्प्रिंगवर!

म्हणून काटा उपटू नका. स्प्रिंगला कारखान्यात दिलेला ताण बिघडला, की मीटर खोटं बोलायला लागतं.

काचेभोवतीची क्रोमची रिंग मागे दुमडलेली असते. ती बोथट स्क्रूड्रायव्हरने गोल फिरत, थोडी थोडी उचला. एकाच जागी जोर लावला तर वाकते. यंत्र बाहेर काढून चुंबकाच्या दांड्यावरचं घट्ट झालेलं ग्रीस साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. वाटी आणि स्प्रिंग कोरडी ठेवा. डायलला थिनर लावू नका, आकडेच पुसले जातील.

मीटर बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणालातरी बसवून, मोबाईलच्या जीपीएसशी वेग ताडून बघा. काचेची चकाकी नंतर. आधी काटा खरं सांगतोय ना, ते बघा.