कोंकणांतील बेने इस्राएल व त्यांचें मराठी वाङ्मय

यहुदी लोकांविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जें कांहीं ज्ञान असतें, तें बहुधा शेक्सपिअरच्या शायलॉकपासून सुरू होतें आणि वर्तमानपत्रांतील इस्राएल देशाच्या बातम्यांपाशीं येऊन थांबतें. आपल्याच अष्टागरांत, आपल्याच भाषेंत संसार करीत, एक यहुदी समाज शतकानुशतकें राहत आला, त्यानें मराठींत प्रार्थना छापल्या, मराठींत कीर्तनें केलीं, ही गोष्ट आमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे? आम्हांलाही ती फार उशिरां कळली, आणि ती ज्या रीतीनें कळली ती सांगतांना थोडी लाज वाटते.

आम्ही ज्या शाळेंत होतों, तेथें बारा वर्षें एक बेने इस्राएल शिक्षक आमच्या शेजारच्या मेजाशीं बसत. गणित शिकवीत. शनिवारीं ते रजा घेत. शनिवारची शाळा सकाळचीच, त्यामुळें कोणाचें विशेष अडत नसे. तरी शिक्षकांच्या खोलींत त्यावरून थट्टा होई, आणि त्या थट्टेंत आम्हींही भर घातलेली आहे. बारा वर्षांत आम्हीं त्यांना एकदांही विचारलें नाहीं कीं, शनिवारीं तुम्ही घरीं करतां तरी काय? निवृत्तीनंतर कांहीं निमित्तानें त्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. त्यांनीं कपाटांतून फडक्यांत गुंडाळलेलें एक पुस्तक काढून आमच्यापुढें ठेवलें. त्यांत हिब्रू मजकूर होता आणि त्याच्या जोडीला आमची बाळबोध मराठी. तें १८७४ सालीं पुण्यास निघालेल्या ‘हग्गादा’चें पुनर्मुद्रण होतें.

हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्रीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून वाचावयाची पोथी. मिसर देशांतील दास्यांतून इस्राएल लोक कसे सुटले, ही कथा तींत आहे. परंतु ती देवळांत उपाध्यायानें सांगावयाची नसून घरांतच जेवणाच्या पंगतीला सांगावयाची असते, आणि तिचा आरंभ घरांतील लहान मुलाच्या प्रश्नांनीं होतो. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी कां, असें मुलानें विचारावें आणि वडिलांनीं उत्तर द्यावें, असा क्रम आहे. जन्मभर मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तराला ही उलटी रीत फार आवडली. उपनिषदांतही शिष्यानें समित्पाणि होऊन प्रश्न केल्यावांचून गुरु तोंड उघडीत नाहींत. पण तेथें प्रश्न करणारा निदान वयांत आलेला असतो!

त्या पुण्याच्या हग्गादांत चित्रें आहेत. युरोपांतील जुन्या हग्गादांत सणासाठीं खमिरावांचून भाकरी करण्याचीं चित्रें असतात, त्यांच्याच धर्तीवर हीं काढलेलीं. मात्र येथें भाकरी करणाऱ्या बायांचा वेष आपल्याकडचा आहे. त्या लुगडें नेसलेल्या आहेत. आमचे मित्र त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “मास्तर, ही आमची आजीच म्हणा ना.” मोशे, फारो आणि तांबडा समुद्र यांच्या कथेच्या शेजारीं लुगड्यांतली आजी बसलेली आम्हीं प्रथमच पाहिली.

बेने इस्राएल म्हणजे ‘इस्राएलाचीं लेंकरें’. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. हे चौदाजण किती शतकांपूर्वीं आले याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, आणि तो वाद येथें काढण्याचें कारण नाहीं. पण चौदा हा आंकडा वाचून आम्ही थबकलों. सह्याद्रिखंडांत चित्पावनांच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तींतही समुद्रांतून किनाऱ्यास लागलेलीं चौदाच शवें आहेत व परशुरामानें तीं जिवंत केलीं असें म्हटलें आहे. एकाच किनाऱ्यावरील दोन समाजांनीं आपल्या मुळाविषयीं इतकी सारखी गोष्ट सांगावी, हा केवळ योगायोग कीं कोंकणच्या समुद्राचाच कांहीं गुण, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमच्या घरच्या वडील मंडळींना ही तुलना फारशी रुचली नाहीं, हें प्रांजळपणें सांगतों.

ग्रंथ गेले, भाषा गेली, पण कांहीं गोष्टी राहिल्या. मुलाची सुंता आठव्या दिवशीं होई. खवले व पर असलेलीच मासळी खात. देव एकच आहे अशी ग्वाही देणारें ‘शेमा’ हें हिब्रू वचन तेवढें मुखोद्गत राहिलें, आणि तें प्रत्येक मंगल प्रसंगीं म्हणत. शनिवारीं घाणा बंद. हे लोक तेल गाळण्याचा धंदा करीत म्हणून गांवांत त्यांना ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें. गांवावरून आडनांवें घेण्याची कोंकणी चाल त्यांनींही उचलली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, तसेच राजपूरकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर. सणांचीं हिब्रू नांवें विसरलीं, त्यांच्या जागीं मराठी नांवें आलीं. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्याच्या मागून येणारा तो खिरीचा सण. यरुशलेमचें मंदिर पडलें त्या शोकाच्या उपवासाला म्हणत बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशीं वालाचें बिरडें खावयाचें. दोन सहस्र वर्षांपूर्वींचा एका मंदिराचा विध्वंस वालाच्या बिरड्यांत जतन करून ठेवणारी स्वयंपाकघराची स्मृति आमच्या मतें कोणत्याही बखरीपेक्षां कमी नाहीं.

एलिया संदेष्ट्यावर त्यांची विशेष भक्ति. अलिबागजवळच्या एका खडकावर त्याच्या अग्निरथाच्या चाकांच्या खुणा आहेत असें ते मानतात. नवस फेडतांना पोहे, ओलें खोबरें, गूळ आणि फळें यांचा मलिदा करून वांटतात. आमच्या मित्राच्या घरीं तो आम्हांला मिळाला, आणि चवीवरून तरी धर्म ओळखणें आम्हांला जमलें नाहीं.

धर्माचें विसरलेलें शिक्षण त्यांना परत मिळालें तें मोठ्या चमत्कारिक वाटेनें. कोचीनच्या यहुद्यांनीं कांहीं शिकविलें खरें, पण मोठा वांटा ख्रिस्ती मिशनऱ्यांचा. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं बेने इस्राएलांसाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. मिशनऱ्यांच्या शाळांतून मुलें जुना करार मराठींत वाचूं लागलीं. हेतु असा कीं, जुन्यावरून त्यांनीं नव्या कराराकडे यावें. झालें उलटेंच! आपल्याच पूर्वजांचीं नांवें ओळीनें वाचतांना त्यांना आपण कोण हें अधिक स्पष्ट कळलें, आणि थोडे अपवाद सोडले तर ते आपल्या धर्मांतच अधिक पक्के झाले. १८४६ सालीं मुंबईंत मराठी अर्थासह हग्गादा शिळाछापावर निघाली. पुढें जोसेफ एझिकेल राजपूरकर या विद्वान शिक्षकानें हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें करण्यांत आयुष्य वेंचलें.

परंतु आम्हांला सर्वांत कौतुक वाटलें तें कीर्तनाचें. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांपैकीं कांहीं मंडळी हरिदासांचीं कीर्तनें ऐकावयास जात. आपल्याही कथा अशाच रंगवितां येतील, असें त्यांच्या मनांत आलें. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांच्यांतील आद्य कीर्तनकारांपैकीं. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांचीं आख्यानें साकी, दिंडी, आर्या, ओवी अशा आपल्याच वृत्तांत रचलीं गेलीं. गणेशनमन नाहीं, पुढें मूर्ति नाहीं. बाकी थाट तोच. योसेफाला भावांनीं मत्सरानें विकलें, आणि दुष्काळांत तेच भाऊ धान्य मागावयास त्याच्या दारीं आले, ही कथा तर कीर्तनासाठींच जन्मलेली. भाऊबंदकी म्हणजे काय हें मराठी श्रोत्यांना समजावून सांगावें लागत नाहीं. पुढें त्यांच्या स्त्रियांनींही कीर्तनें केलीं. आमच्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत कीर्तन म्हणजे म्हाताऱ्यांचा वेळ घालविण्याचें साधन, अशी समजूत होऊन बसली आहे. दुसऱ्या धर्माच्या माणसांना मात्र आपला धर्म मुलांपर्यंत पोंचविण्यास तेंच उत्तम वाटलें, याचा विचार व्हावा.

अलिबागकडचे हाइम सॅम्युएल किहीमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजींत लिहून १८९७ मध्यें पुरा केला. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. चाळीस वर्षें तें हस्तलिखित तसेंच होतें, आणि पुस्तक पाहावयास लेखक राहिले नाहींत.

१९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र झाल्यावर बेने इस्राएलांपैकीं पुष्कळजण तिकडे जाऊं लागले. येथें कोणी छळ केला म्हणून नव्हे. येथें त्यांना तसा छळ कधींच सोसावा लागला नाहीं, असें ते स्वतःच सांगतात. पण तेथें पोंचल्यावर निराळेंच संकट उभें राहिलें. १९६२ मध्यें तेथील मुख्य धर्मपीठानें अशी सूचना काढली कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचा इतर यहुद्यांशीं विवाह लावावयाचा असेल, तर त्याच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडील पिढ्यांची, चौकशी करावी. ज्यांनीं ग्रंथ नसतां, गुरु नसतां, केवळ एका वचनावर आणि शनिवारच्या बंद घाण्यावर धर्म राखला, त्यांनाच आतां कुळाचा दाखला मागण्यांत आला! त्यांनीं निदर्शनें केलीं, उपोषणें केलीं, आणि १९६४ मध्यें तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केल्यावर धर्मपीठाला आपली सूचना बदलावी लागली. हें वाचतांना आम्हांला आमच्याकडील ग्रामण्यांचे निवाडे आठवल्यावांचून राहिले नाहींत. दाखला मागणारे आपणही होतों.

मी कोठला, हा प्रश्न मग वाङ्मयांत उतरला. मीरा महादेवन या बेने इस्राएल लेखिकेनें १९६१ मध्यें ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी लिहिली. पुढें ती इंग्रजींत ‘शुलामिथ’ या नांवानें आली. इस्राएलला जावें कीं येथेंच राहावें, या प्रश्नानें एका कुटुंबांत पडलेली फूट हा तिचा विषय. कादंबरीचें नांवच काय तो प्रश्न विचारतें. मुंबईचे इंग्रजी कवि निस्सिम एझिकेल (१९२४–२००४) यांचे वडील विल्सन कॉलेजांत प्राध्यापक होते, म्हणजे ज्यांनीं तें हिब्रू व्याकरण लिहिलें त्यांच्याच नांवाच्या विद्यालयांत. एझिकेलांनीं एका कवितेंत आपल्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांची आठवण काढली आहे, आणि दूर, मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या या देशांतच राहण्याचा आपला निश्चयही सांगितला आहे. उत्तरवयांत त्यांनीं बायबलांतील स्तोत्रांना प्रत्युत्तर देणारीं नवीं स्तोत्रें रचलीं. भक्ताची शरणागति त्यांत कमी, देवाशीं वाद अधिक. तुकोबांच्या वाचकाला त्यांत अनोळखी असें कांहीं वाटूं नये. त्या संग्रहास १९८३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. याच कवीनें इंदिरा संतांच्या कवितांचे वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजी अनुवाद केले आहेत, हें मराठी वाचकानें विसरूं नये. अहमदाबादच्या एस्तेर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ या २००६ च्या कादंबरींत तर अलिबागकडच्या गांवांत मागें उरलेली एक विधवा ओस पडलेलें सभास्थान विकूं पाहणाऱ्यांशीं झगडते, आणि प्रत्येक प्रकरणाबरोबर एक पाककृति येते. पाककृति पाहून आमच्या सुनेनें तें पुस्तक आमच्या आधीं वाचून संपविलें.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशांत हे लोक वीस हजारांच्या आसपास होते. आज सगळे मिळून पांच हजारांच्या आंत भरतील. तिकडे गेलेल्यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक काढलें. आमच्या मित्राकडे त्याचे कांहीं अंक होते. त्यांचा मुलगा व मुलगी दोघेंही तिकडेच. नातवंडांना हिब्रू उत्तम येतें. मराठी कळते, वाचतां येत नाहीं.

“म्हणजे,” ते हंसून म्हणाले, “माझ्या आजोबांना या पुस्तकांतली ही बाजू वाचतां येत नव्हती, आणि नातवाला ती बाजू येत नाहीं.” बोलतां बोलतां त्यांनीं आधीं हिब्रूवर, मग मराठीवर बोट ठेवलें. मग वल्हांडणाच्या रात्रीं मुलानें विचारावयाचा पहिला प्रश्न त्यांनीं आम्हांला मराठींत वाचून दाखविला. आम्हीं तो पुन्हां एकदां वाचावयास सांगितला. त्यांनीं वाचला, पुस्तक फडक्यांत बांधलें, आणि कपाटांत ठेवलें.