तारा नव्या, तरी आवाज जुनाच

बेस गिटारच्या चार तारांचा एक संच आज दोन-अडीच हजार रुपयांना पडतो. ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्याला एका रात्रीचे किती मिळतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी तारा उकळून का वापरतो हे वेगळं सांगायला नको.

हो, उकळून! तारा काढायच्या, गुंडाळी करून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं सोडायच्या, पुसून कडकडीत वाळवायच्या आणि पुन्हा चढवायच्या. आमच्या घरी यासाठी वेगळं पातेलं आहे. पहिल्यांदा मी भाताचं पातेलं घेतलं, तेव्हा बायकोनं ‘‘री, एन माडाकत्तीरी?’’ म्हणून जो आवाज चढवला, तो कुठल्याही ॲम्प्लिफायरला जमणार नाही. पाण्यावर काळपट तवंग आला होता, म्हणजे तिचंही चुकलं नव्हतं.

तो तवंग म्हणजे आपल्याच बोटांचा घाम, तेल आणि मेलेली कातडी. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या सुरासाठी तार जड हवी. पण नुसती जाड सळई घेतली तर ती ताठ होते आणि तिचे वरचे सूर बिघडतात. म्हणून आत पोलादाची बारीक तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे. वजन वाढतं, लवचिकपणा राहतो. मळ बसतो तो या वेढ्यांमधल्या फटींत. तो वरचे बारीक सूर गिळतो, खालचा सूर तेवढा उरतो. उकळलं की खणखण परत येते, पण दोन-चार कार्यक्रमांपुरतीच. फ्रेटवर घासून तारेला पडलेल्या खाचा काही पाण्यानं भरून येत नाहीत.

मेलेल्या तारेच्या आवाजाला मराठीत मी मिळमिळीत म्हणतो. आमच्या घरातला कन्नड शब्द त्याहून नेमका आहे : सप्पे. मीठ नसलेल्या सारासारखा.

पण सप्पे आवाजही कुणाला हवा असतोच. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात मोटाऊन कंपनीच्या गाण्यांना बेस देणारा जेम्स जेमर्सन चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या गुळगुळीत तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय त्या बदलायचा नाही, असं सांगतात. त्याचा तो गोल, दबका ठोका जगानं डोक्यावर घेतला. उलट इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसलला बेस पियानोसारखा खणखणीत हवा होता. १९६६ साली रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्यानं गोल वेढ्यांच्या तारा हव्या तशा करून घेतल्या. आज आम्ही वापरतो त्या बहुतेक त्याच घराण्यातल्या. मी एन्टविसलच्या पंथातला. मंडपाच्या कर्ण्यांतून खालचा सूर नीट बाहेर पडतच नाही. लोकांना बेस कळतो तो वरच्या खणखणीमुळे. तानपुऱ्यात हे काम जवारी करते, तिथला दोरा नीट बसला की खर्ज उजळतो. बेसला जवारी नाही. सगळी मदार तारेच्या नव्हाळीवर.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या तारा फारच लवकर मरायला लागल्या. आधी एक संच चार महिने जायचा, तो महिन्यावर आला. उकळूनही फरक पडेना. नकली माल असेल म्हणून मी दुकानदाराशी वाद घातला. (त्या भल्या माणसाची नंतर माफी मागितली.) शेवटी कर्जाच्या हप्त्यातले पैसे मोडून कोटिंगवाल्या महागड्या तारा आणल्या. त्यांच्यावर पातळ थर असतो, मळ आत शिरत नाही, त्या जास्त टिकतात. चढवल्या, वाजवल्या. सप्पे!

मुलगी शेजारी अभ्यास करत होती. ती कानावर हात ठेवून म्हणाली, ‘‘अप्पा, किती चरचरतंय ते! जरा कमी करा ना.’’

मी तिला पुन्हा विचारलं. मग जुन्या तारा काढल्या होत्या त्यातली एक चढवली आणि तिला पाठमोरी बसवून दोन्ही वाजवल्या. तिला फरक लगेच कळला. मला कळला नाही.

कानाच्या तपासणीत आलेख निघाला. खालचे सूर जवळजवळ ठीक, आणि चार हजार कंपनांच्या आसपास रेघ खड्ड्यात गेलेली. डावा कान जास्त. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘डाव्या बाजूला काय असतं?’’ डाव्या बाजूला बावीस वर्षं ड्रमच्या झांजा होत्या. बेसवाला ड्रमला चिकटूनच उभा राहतो, ताल तिथूनच मिळतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. त्यावर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे शंभराला पंधरा मिनिटं. आमचे कार्यक्रम चार-चार तास चालतात. गेलेलं परत येत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. एन्टविसललाही उतारवयात फार कमी ऐकू यायचं. हे मी आधी वाचलं होतं, पण मोठ्या लोकांची मोठी दुखणी म्हणून सोडून दिलं होतं.

बायको दोन दिवस काही बोलली नाही. मग तिनंच विचारलं, ‘‘मी आतून हाक मारते तेव्हा तुम्ही मुद्दाम गप्प बसत नव्हता तर?’’ इतके दिवस त्यावरूनही आमची भांडणं झाली होती.

आता मी कानात बोळे घालून वाजवतो. कापसाचे नव्हेत, आवाज सरसकट उतरवणारे मिळतात ते. ड्रमवाल्याला उजवीकडे घेतलंय, तो अजून कुरकुरतो. आणि तारा कधी बदलायच्या हे मुलगी ठरवते. परवा निपाणीच्या कार्यक्रमाआधी तिच्यापुढे बेस धरला. तिनं चारही तारा एकेक करून छेडल्या, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘इन्नू छलो अद. हा महिना जाईल, अप्पा.’’